लाइटरूम क्लासिकमधील क्रॉपच्या मार्गदर्शक रेषा : निसर्गछायाचित्राचा समतोल त्यांनी कितपत साधतो?

निसर्गाचे छायाचित्र टिपून झाल्यावर त्याची चौकट पुन्हा एकदा तपासून घ्यावी लागते, आणि त्या कामासाठी अडोबी लाइटरूम क्लासिक या छायाचित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरमधील क्रॉपचे, म्हणजे कडा कापून चौकट बदलण्याचे, साधन अनेक छायाचित्रकारांच्या रोजच्या वापरात आहे. डेव्हलप विभागात ‘आर’ ही कळ दाबली की छायाचित्राभोवती क्रॉपची चौकट उमटते, आणि त्यानंतर ‘ओ’ दाबत गेल्यास तिच्यावर मार्गदर्शक रेषांचे निरनिराळे आराखडे एकामागून एक येतात. साधी जाळी, एक-तृतीयांशाच्या रेषा, तिरक्या रेषा, मध्यरेषा, त्रिकोण, सुवर्ण गुणोत्तर (सुमारे १.६१८ : १), त्यावर आधारलेले सुवर्ण सर्पिल आणि वेगवेगळ्या गुणोत्तरांच्या चौकटी असे हे आराखडे, म्हणजे ओव्हरले, आहेत. ‘शिफ्ट’ धरून ‘ओ’ दाबल्यास त्रिकोणाची किंवा सर्पिलाची दिशा बदलते. निसर्गछायाचित्राच्या रचनेत समतोल साधण्यासाठी आणि त्यात हवा तेवढा ताण राखण्यासाठी या रेषांचा कितपत उपयोग होतो, एवढाच या परीक्षणाचा विषय आहे. रंगसंस्कार, नॉइज (छायाचित्रातील दाणेदारपणा) कमी करणे किंवा छायाचित्रांची वर्गवारी या बाबतींत हे सॉफ्टवेअर कसे आहे, याची चर्चा येथे केलेली नाही.

मत आधीच सांगून टाकतो. क्रॉपचे साधन उत्तम आहे. त्यावरील रेषांपैकी काही खरोखर कामाच्या आहेत आणि काही केवळ शोभेच्या. एखादी वस्तू चौकटीत कुठे आहे हे सगळ्याच रेषा अचूक दाखवतात, परंतु ती वस्तू पाहणाऱ्याची नजर किती जोराने ओढते हे त्यांतील एकही रेषा दाखवू शकत नाही, आणि छायाचित्राचा समतोल तर मुख्यतः या ओढीवरच ठरतो.

सर्वांत परिचित अशा एक-तृतीयांशाच्या रेषांपासून सुरुवात करणे योग्य ठरेल. कॅमेऱ्याच्या पडद्यापासून मोबाइलपर्यंत सगळीकडे ही जाळी आता दिसते, आणि मुख्य विषय तिच्या चार छेदबिंदूंपैकी एकावर ठेवावा, असा नियमाचा अर्थ सर्रास सांगितला जातो. रूल ऑफ थर्ड्स या नावाने हा नियम इंग्रज चित्रकार आणि कोरीवकाम करणारे जॉन थॉमस स्मिथ यांनी १७९७ मध्ये लिहून मांडला, तेव्हा त्यांचा भर छेदबिंदूंवर नव्हता. निसर्गदृश्यात आकाशाला साधारण दोन-तृतीयांश किंवा एक-तृतीयांश जागा द्यावी, पाणी आणि जमीन यांचीही वाटणी अशीच असमान करावी, म्हणजे दोन सारखे भाग एकमेकांसमोर अडून राहत नाहीत, असा त्यांच्या सांगण्याचा रोख होता. म्हणजे मुळात हा नियम बिंदूंचा नसून वाट्यांचा आहे. लाइटरूममधील हा ओव्हरले त्या अर्थाने वापरला तर चांगली मदत करतो: क्षितिज किती वर किंवा खाली सरकवावे, दाट झाडीला किती जागा द्यावी आणि धुक्याला किती, याचा अंदाज आडव्या दोन रेषांवरून पटकन येतो. पक्ष्याचा डोळा नेमका छेदबिंदूवर बसवण्यासाठी मात्र अनेक जण याच रेषांच्या मागे लागतात, आणि तिथेच त्यांचा उपयोग संपतो.

त्याचे कारण नीट समजून घेण्यासाठी रुडॉल्फ आर्नहाइम या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये दिलेले उदाहरण पुरेसे आहे. पांढऱ्या चौरसात एक काळी चकती मध्यापासून थोडी बाजूला ठेवली, तर ती स्थिर वाटत नाही. मध्याकडे परत जावे की कडेकडे निघून जावे याचा जणू तिचा निर्णय झालेला नाही, असे पाहणाऱ्याला जाणवते. कागदावर काहीही हलत नसताना जाणवणारी ही ओढाताण म्हणजेच दृश्यताण, आणि अशा ओढी एकमेकींना तोलून धरतात तेव्हा समतोल निर्माण होतो. छायाचित्रात या ओढी चकतीपेक्षा कितीतरी गुंतागुंतीच्या असतात. उजळ भाग गडद भागाच्या पार्श्वभूमीवर जड वाटतो. तांबडा किंवा पिवळा ठिपका हिरव्या पसाऱ्यात आपल्या आकाराच्या मानाने फारच जड ठरतो. सुस्पष्ट भाग धूसर भागापेक्षा नजर अधिक धरून ठेवतो. एकटी पडलेली वस्तू गर्दीतल्या तशाच वस्तूपेक्षा जड होते. आणि प्राण्याचा डोळा तर आकाराने नगण्य असूनही चौकटीतील बाकी सगळ्यावर मात करतो. यात अंतराचाही हिशेब आहे: तागडीच्या लांब दांडीच्या टोकाला लहान वजनही मोठ्या वजनाला तोलून धरते, तसाच चौकटीच्या कडेजवळचा छोटासा ठिपका मध्याजवळच्या मोठ्या आकाराला तोलू शकतो.

माझ्या संग्रहातील एका छायाचित्रावर हे सगळे ओव्हरले मी चालवून पाहिले, त्याचे वर्णन येथे उपयोगी पडेल. पहाटेच्या उथळ पाण्यात एक बगळा उभा आहे, त्याचे तोंड डावीकडे आहे, मागे राखाडी-निळसर पाणी आहे, आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात ढगाचे पांढरट प्रतिबिंब पडले आहे. एक-तृतीयांशाचा ओव्हरले लावून बगळ्याचे डोके उजवीकडच्या वरच्या छेदबिंदूवर बसवले, तेव्हा नियमाप्रमाणे सगळे जागच्या जागी होते. बगळा डावीकडे पाहत असल्याने त्याच्या नजरेपुढे मोकळी जागाही भरपूर होती. तरीही चित्र डावीकडे कलल्यासारखे वाटत होते, कारण बगळ्याची नजर आणि ढगाचे पांढरे प्रतिबिंब या दोन्ही गोष्टी एकाच दिशेला ओढत होत्या आणि त्यांना उजवीकडून उत्तर देणारे काहीच नव्हते. क्रॉपची चौकट खाली आणि उजवीकडे सरकवून प्रतिबिंबाचा निम्मा भाग बाहेर घालवला, आणि बगळ्यामागे पाण्यातून वर आलेली गवताची एक काळसर काडी आत घेतली, तेव्हा बगळा छेदबिंदूपासून बराच दूर, जवळजवळ मध्यावर आला. ती काडी किती बारीक होती हे सांगायचे तर शंभर टक्के झूमवर तिची जाडी जेमतेम दहा-बारा पिक्सेल भरत होती. पण उजव्या कडेजवळ, शांत पाण्यावर, एकटीच उभी असल्याने तिने पूर्ण बाजू सावरून धरली. एकाही ओव्हरलेच्या दृष्टीने ती काडी महत्त्वाच्या जागी नव्हती.

उजळ-गडद यांचा हा परिणाम रेषांच्या आवाक्याबाहेरचा का आहे, हे अमेरिकन छायाचित्रकार अन्सेल अॅडम्स यांच्या चंद्रोदयाच्या प्रसिद्ध छायाचित्रावरून अधिक स्पष्ट होते. न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ या वस्तीचे १९४१ मधील हे छायाचित्र आहे: खाली मावळत्या उन्हात उजळलेले दफनभूमीतील पांढरे क्रूस, मागे पर्वतरांग आणि ढगांचा पट्टा, आणि वर पसरलेल्या विस्तीर्ण आकाशात लहानसा चंद्र. अॅडम्स यांनी या एकाच निगेटिव्हवरून अनेक दशके प्रती काढल्या, आणि सुरुवातीच्या प्रतींत वरच्या आकाशात दिसणारे विरळ ढग नंतरच्या प्रतींत जवळजवळ पूर्णपणे काळोखात बुडवले. चंद्र, क्रूस आणि पर्वत यांच्या जागा तिळमात्रही बदललेल्या नाहीत. पण आकाश काळे झाल्यावर चंद्र एकाकी झाला, म्हणून जड झाला, आणि वरचा तो एक ठिपका आणि खालचे विखुरलेले पांढरे क्रूस यांच्यातील ओढ पूर्वीपेक्षा किती तरी तीव्र झाली. या दोन्ही प्रतींवर लाइटरूमचे सगळे ओव्हरले लावून पाहिले तर दोन्हीकडे अगदी एकच उत्तर येईल. समतोल मात्र दोन्हींत वेगळा आहे, कारण तो क्रॉपने नव्हे, छटांनी बदललेला आहे. ज्याला या सॉफ्टवेअरमध्ये रचना सुधारायची आहे त्याने क्रॉपइतकाच वेळ मास्किंगच्या, म्हणजे छायाचित्राचा निवडक भागच उजळ किंवा मंद करण्याच्या, साधनांना द्यावा, असे मी म्हणतो ते यामुळेच. कोपऱ्यातील नकोसा उजळ दगड कापून टाकण्याऐवजी थोडा मंद केला की पुष्कळदा काम भागते आणि चौकटही शाबूत राहते.

सुवर्ण गुणोत्तर आणि सुवर्ण सर्पिल या दोन ओव्हरलेंविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही. त्यांच्याभोवती गूढतेचे वलय मोठे आहे, पण प्रत्यक्ष हिशेब केला तर पदरात फार थोडे पडते. ६००० × ४००० पिक्सेलच्या छायाचित्रात एक-तृतीयांशाची उभी रेषा कडेपासून २००० पिक्सेलवर येते आणि सुवर्ण गुणोत्तराची साधारण २२९२ पिक्सेलवर, म्हणजे दोहोंतील फरक रुंदीच्या पाच टक्क्यांहूनही कमी आहे. उडत्या पक्ष्याचा एक पंख याहून अधिक जागा व्यापतो, झाडाचा बुंधा अनेकदा याहून रुंद असतो, आणि अशा वेळी वस्तूचा नेमका कोणता भाग रेषेवर ठेवायचा हा प्रश्न रेषेने सुटत नाही. सर्पिलाची अडचण आणखी मूलभूत आहे. खरे सुवर्ण सर्पिल १.६१८ गुणोत्तराच्या आयतात बसते. बहुतेक कॅमेऱ्यांची चौकट ३:२, म्हणजे १.५, किंवा ४:३, म्हणजे १.३३ असते, त्यामुळे ती चौकट कडेपर्यंत भरायची तर सर्पिल दाबावे किंवा ताणावे लागणारच. निसर्गात हे सर्पिल सर्वत्र आढळते या समजुतीलाही फार आधार नाही. तिचे नेहमीचे उदाहरण असलेल्या नॉटिलस या समुद्रजीवाच्या शंखाच्या वाढीचे प्रमाण सुवर्ण गुणोत्तराशी सहसा जुळत नाही. नदीचे वळण किंवा फर्नचा उलगडता कोंब टिपलेला असेल तेव्हा हा ओव्हरले पाहायला छान वाटतो, पण तिथे वळण आधीपासूनच दिसत असते. काढलेल्या प्रत्येक छायाचित्रावर एखादे तरी सर्पिल कुठून तरी जुळतेच, आणि जे नेहमीच जुळते ते काहीच सांगत नाही.

तिरक्या रेषा आणि त्रिकोण यांचा उपयोग मर्यादित, पण खरा आहे. डोंगरउतार, वाळूच्या टेकडीची धार किंवा कललेले खोड यांसारख्या रेषांमुळे चित्रात गती येते, आणि ती रेषा थेट कोपऱ्यात घुसते आहे की कोपऱ्याच्या थोडी वर कडेला भिडते आहे हे या ओव्हरलेवरून चटकन कळते. कोपऱ्यात घुसणारी ठळक रेषा नजरेला चौकटीबाहेर घेऊन जाते; ती जरा आधी कडेला टेकवली की नजर आतच वळते. एवढ्या कामापुरते हे ओव्हरले ठेवण्यासारखे आहेत.

मध्यरेषेचा ओव्हरले मात्र अनेकांकडून दुर्लक्षित राहतो. विषय मध्यावर ठेवू नये हे इतक्या वेळा सांगितले गेले आहे की निश्चल तळ्यातील पर्वताचे प्रतिबिंबसुद्धा अनेक जण अकारण वर-खाली सरकवतात. अशा दृश्यात सममिती हीच रचनेची ताकद असते, आणि ती अर्धवट असली की गोंधळल्यासारखी दिसते: काठाची रेषा अगदी मध्यावर असेल तर शांतता, स्पष्टपणे वर किंवा खाली असेल तर निर्णय, आणि मध्यापासून जेमतेम हललेली असेल तर नुसती हयगय वाटते. हा फरक डोळ्यांनी ठरवणे अवघड असते, तिथे मध्यरेषा निर्विवादपणे कामी येते. वेगवेगळ्या गुणोत्तरांच्या चौकटी दाखवणारा ओव्हरले तर माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे, कारण समतोलाचा प्रश्न पुष्कळदा वस्तूच्या जागेचा नसून चौकटीच्या आकाराचा असतो. ३:२ च्या उभ्या चौकटीत एकाकी वृक्षाच्या डोक्यावर आकाशाचा जो रिकामा पट्टा उरतो तो ५:४ मध्ये आपोआप निघून जातो. पसरलेल्या पाणथळीचे दृश्य १६:९ मध्ये श्वास घेऊ लागते. हे सगळे पर्याय छायाचित्रावर एकाच वेळी दिसत असल्याने तुलना सोपी होते.

ताणाविषयी थोडे अधिक लिहायला हवे, कारण समतोल साधला म्हणजे रचना साधली, असा समज करून घेण्यास या रेषा हातभार लावतात. निसर्गछायाचित्रात पुष्कळदा हवा असतो तो पूर्ण न सुटलेला ताण. झेप घेणारा शिकारी पक्षी आणि खालचे भक्ष्य यांच्यातील अंतर क्रॉपने कमी करता येत नाही, पण चौकट त्या दोघांना किती आवळून धरते हे ठरवता येते. पक्ष्याच्या पुढची जागा कमी ठेवली आणि मागची जास्त, तर तो चौकटीबाहेर निसटतो आहे असे वाटते. प्रचलित सल्ल्याच्या हे विरुद्ध असले तरी पळणाऱ्या हरणाच्या किंवा निघून जाणाऱ्या थव्याच्या छायाचित्राला हीच अस्वस्थता शोभते. याउलट काही ताण निव्वळ त्रासदायक असतात: चोचीचे टोक कडेला जेमतेम स्पर्श करणे, शिखर वरच्या कडेच्या अगदी खाली येऊन थांबणे, एका हरणाचे शिंग मागच्या दुसऱ्या हरणाच्या पाठीला नेमके टेकणे. पहिल्या दोन प्रकारांवर क्रॉप हे चांगले औषध आहे, आणि येथे लाइटरूमची एक छोटी सोय वाखाणण्यासारखी आहे: चौकटीच्या आत पकडून ओढले की चौकट जागीच राहते आणि तिच्याखाली छायाचित्र सरकते. डोळे एकाच कडेवर खिळवून, चोच आणि कड यांच्यातील फट थोडी थोडी वाढवत, ती नेमकी कोणत्या क्षणी टोचायची थांबते हे पाहता येते. या वेळी रेषा बंद असलेल्या बऱ्या, कारण त्या नजरेला कडेवरून आत खेचतात. शिंग आणि पाठ यांच्या तिसऱ्या प्रकाराला मात्र क्रॉपकडे उत्तर नाही. जवळच्या आणि दूरच्या वस्तूंचे परस्परांतील स्थान फक्त छायाचित्रकाराने जागा बदलल्याने बदलते. ते टिपण्याच्या वेळी, दोन पावले बाजूला सरकून किंवा गुडघ्यावर बसूनच करावे लागते.

क्रॉपची किंमत पिक्सेलमध्ये मोजावी लागते, याचाही विचार हवा. २४ मेगापिक्सेलच्या ३:२ छायाचित्रातून पूर्ण उंचीचा चौरस काढला तर १६ मेगापिक्सेल उरतात, आणि लांबी-रुंदी दोन्ही निम्म्या केल्या तर फक्त ६, म्हणजे ३०० पिक्सेल प्रति इंच या हिशेबाने जेमतेम १० × ६.७ इंचांची छपाई. मूळ फाइलला धक्का लागत नाही आणि क्रॉप केव्हाही मागे घेता येतो, ही जमेची बाजू. व्हर्च्युअल कॉपी (मूळ फाइलची नक्कल न करता केलेली दुसरी आवृत्ती) काढून एकाच छायाचित्राचे दोन-तीन क्रॉप शेजारी ठेवता येतात, तेही तुलनेसाठी फार सोयीचे आहे.

गंमत अशी की, समतोल तपासण्यासाठी या सॉफ्टवेअरमध्ये रेषांपेक्षा चांगली साधने इतरत्र आहेत, आणि ती त्या कामासाठी बनवलेली नाहीत. लायब्ररी विभागातील ग्रिडमध्ये, म्हणजे छायाचित्रांच्या लहान प्रतिमांच्या जाळीत, छायाचित्र बोटभर आकाराचे करून पाहिले की तपशील विरून जातात आणि नुसते उजळ-गडद ढीग उरतात. कोणता ढीग जास्त जड आहे हे तेव्हा लपत नाही. छायाचित्र आडवे उलटवून पाहिल्यास सरावलेली नजर फसवता येते आणि एका बाजूचा कल अचानक जाणवतो. ‘व्ही’ कळ दाबून ते कृष्णधवल केले की समतोल रंगावर उभा आहे की छटेवर हे कळते: हिरव्या पानांतील तांबडे फूल त्याच छटेच्या राखाडी रंगात विरघळून गेले, तर सगळा भार एकट्या रंगाने पेलला होता असे समजावे आणि रंगसंस्कार करताना त्या तांबड्याला जपावे. क्रॉप सुरू असताना ‘एल’ कळ दोनदा दाबून भोवतालचा सगळा पडदा काळा करणे हेही असेच उपयुक्त आहे, कारण बाजूची बटणे आणि पट्ट्या दिसत असताना कडेजवळच्या वस्तूंचे खरे वजन जोखता येत नाही.

नवशिक्या छायाचित्रकाराला एक-तृतीयांशाचा ओव्हरले सुरुवातीला आधार देईल, मात्र त्याने तो आकाश-जमिनीच्या वाटणीपुरता वापरावा. ज्याला केवळ क्षितिज सरळ करायचे आणि मोठी पोकळी कापून टाकायची आहे, त्याला क्रॉपची सोय असलेले कोणतेही साधे अॅप पुरेल. निव्वळ या रेषांसाठी लाइटरूम क्लासिकची वर्गणी भरण्याचे काही कारण नाही. जे ते आधीपासून वापरतात त्यांनी टूल्सच्या मेनूतील क्रॉप गाइड ओव्हरलेमध्ये जाऊन, ‘ओ’ दाबल्यावर कोणते आराखडे फिरावेत ते निवडून घ्यावे. माझ्याकडे तिथे एक-तृतीयांश, मध्यरेषा, तिरक्या रेषा आणि गुणोत्तरांच्या चौकटी एवढेच चालू आहे, आणि शेवटचा हात फिरवताना टूल ओव्हरले ‘नेव्हर’ वर ठेवून याही रेषा मी बंद करतो.